दीर्घिकागुच्छांतील सर्पिल दीर्घिकांची वायुहानी : एका कल्पनेचा इतिहास

प्रस्तावना

दीर्घिकांची दाटी जेथे असते तेथे सर्पिल दीर्घिका विरळ असतात, ही गोष्ट खगोलशास्त्रज्ञांना १९३० च्या दशकापासून ठाऊक आहे. एडविन हबल आणि मिल्टन ह्युमासन यांनी १९३१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधाचा मुख्य विषय दीर्घिकांचा वेग व अंतर यांतील संबंध हा होता. परंतु गुच्छांत लंबवर्तुळाकार दीर्घिकांचे प्राबल्य असते, अशी नोंदही त्यात आली. मोकळ्या अवकाशात सर्पिल दीर्घिका बहुसंख्य असतात. अरुंधती केश तारकासमूहाच्या दिशेने दिसणाऱ्या, सुमारे ३२ कोटी प्रकाशवर्षे दूर असलेल्या ‘कोमा’ नावाच्या दाट गुच्छाच्या गाभ्यात मात्र त्या शोधाव्या लागतात.

सर्पिल दीर्घिका म्हणजे ताऱ्यांची, वायूची व धुळीची फिरती तबकडी. तिच्या बाहूंतील निळसर झळाळी ही नव्याने जन्मलेल्या, वजनदार आणि अल्पायुषी ताऱ्यांची असते. असे तारे फार तर काही कोटी वर्षे जगतात. म्हणून बाहू निळे दिसत असतील तर तेथे ताऱ्यांची निर्मिती आजही चालू आहे, असे निःशंकपणे म्हणता येते. या निर्मितीचा कच्चा माल म्हणजे थंड हायड्रोजन वायू. तो संपला की काही कोटी वर्षांत निळे तारे विझतात आणि जुन्या ताऱ्यांचा तांबूस-पिवळा प्रकाश तेवढा मागे उरतो. तबकडी आहे, पण वायू नाही आणि बाहूही नाहीत, अशा दीर्घिकांना ‘एस-शून्य’ किंवा मसूराकार दीर्घिका म्हणतात. हबलने १९३६ मध्ये हा वर्ग आपल्या वर्गीकरणात घातला, तेव्हा तो लंबवर्तुळाकार व सर्पिल यांच्यामधला एक कल्पित दुवा होता. पुढे अशा दीर्घिका प्रत्यक्षात सापडल्या, आणि त्याही गुच्छांत विपुल.

त्यामुळे प्रश्न उभा राहिला तो असा : गुच्छांतील दीर्घिका जन्मतःच निराळ्या असतात, की सर्पिल म्हणून जन्मलेल्या दीर्घिकांची ही अवस्था त्यांच्या परिसराने केलेली असते?

या प्रश्नाचा इतिहास पाठ्यपुस्तकांतून बहुधा सरळ रेषेत सांगितला जातो. १९५१ मध्ये टकरीची कल्पना आली व ती चुकीची ठरली. १९७२ मध्ये वाऱ्याची कल्पना आली व ती बरोबर ठरली. पुढे निरीक्षणांनी तिच्यावर शिक्कामोर्तब केले. प्रत्यक्षातील घडामोडी इतक्या सरळ नाहीत. दीर्घिकेतून वायू जाणे, तिच्यातील ताऱ्यांचा जन्म थांबणे आणि तिचे रूप पालटणे या तीन घटना वेगवेगळ्या आहेत. अभ्यासकांनी त्या दीर्घकाळ एकच मानल्या, आणि या शास्त्रातील पुष्कळसा वाद त्या गल्लतीतून निर्माण झाला. प्रस्तुत निबंधात त्या दृष्टीने या कल्पनेचा मागोवा घेतला आहे.

टकरीची उपपत्ती

वाल्टर बाडे हे जन्माने जर्मन. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेतील त्यांचे बहुतेक सहकारी युद्धकार्यात गुंतले होते. शत्रुराष्ट्राचे नागरिक असल्याने बाडे यांना ते काम मिळणे शक्य नव्हते. माउंट विल्सनवरील १०० इंची दुर्बीण त्यांना जवळजवळ मोकळी मिळाली आणि लॉस एंजेलिस शहरातील दिवे युद्धामुळे मंद झाले होते. या परिस्थितीत त्यांनी देवयानी दीर्घिकेचा गाभा व तिच्या दोन लहान सोबती दीर्घिका यांच्यातील तारे सुटे करून दाखविले, आणि १९४४ मध्ये ताऱ्यांच्या दोन समष्टी असतात असा सिद्धांत मांडला : एक तरुण, वायू व धुळीच्या सान्निध्यात राहणारी, दुसरी वृद्ध, जिच्या आसपास वायू नाही. गुच्छांतील दीर्घिकांत दुसऱ्याच समष्टीचे राज्य का, हा प्रश्न या सिद्धांतातून आपोआप पुढे येत होता.

बाडे आणि लायमन स्पिट्झर यांनी १९५१ मध्ये त्याचे उत्तर दिले. दाट गुच्छातील दीर्घिका सेकंदाला हजार किलोमीटरच्या आसपास वेगाने फिरतात आणि त्यांच्यातील अंतरे त्यांच्या आकारमानाच्या मानाने फार नसतात. त्यामुळे गुच्छाच्या आयुष्यात एखादी दीर्घिका अनेकदा दुसरीतून आरपार गेली असली पाहिजे. अशा टकरीत ताऱ्यांना काहीच होत नाही. सूर्य एक सेंटिमीटर व्यासाच्या बोराएवढा मानला, तर त्या मापाने सर्वांत जवळचा तारा सुमारे २९० किलोमीटरवर येतो. इतक्या विरळ वस्तूंच्या दोन थव्यांना एकमेकांतून जाताना अडथळा होत नाही. वायूचे मात्र तसे नाही. तो तबकडीभर पसरलेला असतो, दोन्ही बाजूंचा वायू एकमेकांवर आदळतो, तापतो आणि जागच्या जागी मागे राहतो. तारे पुढे निघून जातात. जी उरते ती वायुहीन तबकडी, म्हणजेच एस-शून्य दीर्घिका.

ही उपपत्ती आज कोणी मानत नाही. ज्या विरळ प्रदेशांत अशा टकरी क्वचितच घडतील तेथेही एस-शून्य दीर्घिका आढळतात, हा तिच्यावरील आक्षेप निर्णायक होता. टकरींविषयी बाडे यांना काहीसा मोहच होता असे दिसते. हंस तारकासमूहातील प्रबळ रेडिओ-उगम म्हणजे दोन दीर्घिकांची टक्कर होय, असे त्यांनी व रुडॉल्फ मिन्कोव्स्की यांनी १९५४ मध्ये प्रतिपादन केले आणि तेही पुढे सोडून द्यावे लागले. तथापि १९५१ च्या निबंधातील एक विचार टिकून राहिला. तारे आणि वायू यांचे भवितव्य वेगळे असू शकते. दीर्घिकेचा सांगाडा जसाच्या तसा ठेवून तिचे सत्त्व काढून घेता येते. पुढील साऱ्या उपपत्तींनी हाच विचार उचलला व फक्त काढून घेणारा हात बदलला.

वारा

बाडे आणि स्पिट्झर ज्या वायूबद्दल लिहीत होते तो अन्य दीर्घिकांत मोजण्याचे साधन तेव्हा नव्हते. योगायोग असा की, २१ सेंटिमीटर तरंगलांबीवर थंड हायड्रोजन जी रेडिओ-रेषा उत्सर्जित करतो, ती त्याच वर्षी, मार्च १९५१ मध्ये, हार्वर्ड येथे प्रथम पकडली गेली. गुच्छाचा दुसरा घटक, म्हणजे दीर्घिकांच्या मधली जागा, तर त्याहूनही अज्ञात होती. ती रिकामी आहे असेच सर्वसाधारणपणे गृहीत होते.

ती रिकामी नाही हे क्ष-किरणांनी दाखविले. १२ डिसेंबर १९७० रोजी, केनियाच्या स्वातंत्र्यदिनी, त्या देशाच्या किनाऱ्याजवळील तळावरून ‘उहुरू’ हा उपग्रह सोडण्यात आला. स्वाहिली भाषेत या शब्दाचा अर्थ ‘स्वातंत्र्य’ असा आहे. कोमा, ययाती व कन्या या गुच्छांतून येणारे क्ष-किरण एखाद्या बिंदूतून येत नसून विस्तृत प्रदेशातून येतात, असे त्याच्या निरीक्षणांतून निष्पन्न झाले. कोट्यवधी अंश तापमानाचा अतिविरळ वायू गुच्छभर पसरला असावा, हा त्याचा सर्वांत सरळ अर्थ. त्याविषयी उरलेली शंका १९७६ मध्ये फिटली. त्या वर्षी ‘एरियल-५’ उपग्रहाला ययाती गुच्छाच्या क्ष-किरणांत लोहाची रेषा सापडली. लोह ताऱ्यांच्या पोटातच तयार होते. तेव्हा या तप्त वायूचा काही भाग कधीकाळी दीर्घिकांतून बाहेर पडलेला आहे, हेही त्यातून उघड झाले.

जेम्स गन आणि रिचर्ड गॉट यांचा १९७२ चा निबंध या दोन शोधांच्या मधल्या काळातला आहे. आज तो एका सूत्रासाठी उद्धृत केला जात असला, तरी त्याचा मूळ विषय गुच्छात बाहेरून कोसळणारे द्रव्य हा होता. वायुहानीचा विचार त्यात एक अनुषंगिक परिणाम म्हणून येतो. विचार असा की, हवा स्थिर असली तरी धावणाऱ्याला वारा लागतो. त्याचप्रमाणे स्थिर तप्त वायूतून धावणाऱ्या दीर्घिकेवर समोरून दाब पडतो. या दाबाला ‘रॅम प्रेशर’ म्हणतात. मराठीत त्यास ‘प्रवाहदाब’ म्हणता येईल. तो बाहेरील वायूच्या घनतेच्या प्रमाणात आणि वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. म्हणजे वेग दुप्पट झाला तर दाब चौपट होतो. याच्या विरुद्ध दीर्घिकेची तबकडी आपल्या गुरुत्वाकर्षणाने स्वतःचा वायू धरून ठेवते, आणि ही पकड तबकडीतील ताऱ्यांची पृष्ठघनता व वायूची पृष्ठघनता यांच्या गुणाकारावर अवलंबून असते. दाब पकडीपेक्षा अधिक झाला की वायू सुटतो.

आकडे पाहिले तर प्रथम अविश्वास वाटतो. गुच्छाच्या आतील भागात या तप्त वायूची घनता लिटरमागे एखादा कण एवढीच असते. आपल्या प्रयोगशाळांतील उत्तमोत्तम निर्वात जागाही त्यापुढे दाट ठरेल. परंतु वेग ताशी ३६ लाख किलोमीटरच्या घरातला असल्यामुळे एवढ्या विरळ वायूचा दाबही तबकडीच्या कडेची सैल पकड सोडविण्यास पुरतो. केंद्राकडे ताऱ्यांची दाटी वाढत जाते व पकड घट्ट होते. म्हणून सूत्राचे सरळ भाकीत असे की, वायू बाहेरून आत सोलला जाईल, कडा आधी उघडी पडेल आणि गाभा शेवटपर्यंत तग धरील. टकरीच्या उपपत्तीला असे तपासण्याजोगे भाकीत नव्हते. आणि या उपपत्तीचे खरे बळ, तिच्या साधेपणापेक्षाही, येथे होते असे म्हणावे लागेल.

दरम्यान सिडनी व्हॅन डेन बर्ग यांनी १९७६ मध्ये नवे वर्गीकरण सुचविले. सर्पिल व एस-शून्य यांच्या मध्ये त्यांनी फिकट, अस्पष्ट बाहूंच्या दीर्घिकांचा एक स्वतंत्र वर्ग कल्पिला व त्याला वैद्यकातील शब्द दिला : ‘पांडुरोगी’ सर्पिल. कोमा गुच्छातील एनजीसी ४९२१ ही त्यांपैकी एक. हबलच्या रचनेत एस-शून्य हा एका साखळीतला मधला दुवा होता. व्हॅन डेन बर्ग यांच्या रचनेत तो एका ऱ्हासाचा शेवट झाला. हा बदल केवळ नावांचा नव्हता. वर्गीकरणाच्या तक्त्यात प्रथमच काळाचा आणि आजाराचा प्रवेश झाला.

हायड्रोजनचा हिशेब

रोग आहे असे म्हणण्यापूर्वी निरोगी शरीरात रक्त किती असते हे माहीत असावे लागते. गुच्छातील सर्पिलांत हायड्रोजन कमी आहे हे १९७३ मध्ये डेव्हिस आणि लुइस यांनी कन्या गुच्छाच्या निरीक्षणांवरून सुचविले होते. १९८० मध्ये शामारो, बाल्कोव्स्की व जेरार यांनी ते अधिक ठामपणे मांडले. आक्षेपकांचे म्हणणे असे की, तुलना कोणाशी करावयाची? मोठ्या दीर्घिकेत वायू जास्त, लहानीत कमी. एका रूपाच्या दीर्घिकेत एक प्रमाण, दुसऱ्या रूपाच्या दीर्घिकेत दुसरे. शिवाय वायू गमावलेल्या दीर्घिकेचे बाहू फिके पडले की वर्गीकरण करणारा तिला आपोआपच कमी वायूच्या वर्गात टाकतो आणि उणीव हिशेबातून नाहीशी होते. हा शेवटचा आक्षेप फार मार्मिक होता.

मार्था हेन्स आणि रिकार्डो जिओव्हानेली यांनी त्यावर चिकाटीचा मार्ग काढला. पोर्तो रिको बेटावरील आरेसिबोची ३०५ मीटर व्यासाची रेडिओ दुर्बीण (जी १ डिसेंबर २०२० रोजी कोसळली) वापरून त्यांनी प्रथम गुच्छांकडे न वळता शेजारी नसलेल्या, एकाकी दीर्घिका मोजल्या. त्यांची निवड व्हॅलेन्तिना कराचेन्त्सेवा यांच्या १९७३ च्या यादीवरून केली होती. एखाद्या रूपाच्या व आकाराच्या दीर्घिकेत स्वाभाविकपणे किती हायड्रोजन असावा याचे मानदंड त्यातून १९८४ मध्ये मिळाले. ‘हायड्रोजन-न्यूनता’ ही संज्ञा तेव्हापासून रूढ झाली. पुढच्याच वर्षी त्यांनी नऊ गुच्छांची तुलना प्रसिद्ध केली. जे गुच्छ क्ष-किरणांत तेजस्वी, त्यांच्या अंतर्भागात न्यूनता ठळक. बाहेरच्या बाजूस ती जवळजवळ नाहीशी होते. तप्त वायू आणि वायुहानी यांचा संबंध येथे प्रथमच आकड्यांत आला.

न्यू मेक्सिकोतील रेडिओ दुर्बिणींच्या जाळ्याने कन्या गुच्छातील दीर्घिकांचे हायड्रोजनचे नकाशे काढले व ते १९९० मध्ये कायात, व्हॅन गॉर्कम आदींनी प्रसिद्ध केले. गुच्छाच्या केंद्राजवळील सर्पिलांत हायड्रोजनची तबकडी ताऱ्यांच्या तबकडीपेक्षाही लहान होती. एरवी हायड्रोजन ताऱ्यांच्या कितीतरी बाहेर पसरलेला असतो. कडेपासून सोलले जाणे यापेक्षा स्पष्टपणे दिसणे कठीण.

तरीही येथेच एक अडचण उभी राहिली आणि तिला पुरेसे महत्त्व मिळावयास वेळ लागला. तारे थेट अणुरूप हायड्रोजनपासून जन्मत नाहीत. तो आधी थंड होऊन रेणुरूप झाला पाहिजे. जेफ्री केनी आणि ज्युडिथ यंग यांनी १९८९ मध्ये कन्या गुच्छातील मोठ्या सर्पिलांचा रेणुवायू मोजला. अणुवायू मोठ्या प्रमाणात गमावलेल्या दीर्घिकांतही तो जवळजवळ पुरेपूर होता! तो केंद्राजवळ, खोल पकडीत असतो. वारा तेथवर पोहोचत नाही. म्हणजे कोठाराचा दरवाजा फोडला गेला होता, पण स्वयंपाकघरातली चूल पेटतीच होती. वायुहानी सिद्ध झाली. ताऱ्यांचा जन्म तिनेच थांबतो, हे मात्र सिद्ध झाले नव्हते.

उपासमारीची कल्पना

या अडचणीचे एक उत्तर आधीच देऊन ठेवलेले होते. रिचर्ड लार्सन, बिएट्रिस टिन्स्ली आणि नेल्सन काल्डवेल यांचा निबंध १९८० चा. टिन्स्ली त्या वेळी कर्करोगाने आजारी होत्या आणि पुढच्या वर्षी, वयाच्या चाळिसाव्या वर्षी, त्यांचे निधन झाले. त्यांचा युक्तिवाद घरखर्चाच्या हिशेबासारखा आहे. सर्पिल दीर्घिका ज्या गतीने तारे निर्माण करतात त्या गतीने तिच्यातील शिल्लक वायू काही अब्ज वर्षांतच संपावा. विश्वाचे वय त्याच्या कितीतरी पट आहे, आणि तरीही आज असंख्य सर्पिल दीर्घिका जोमाने तारे घडवीत आहेत. त्याअर्थी त्यांना बाहेरून, भोवतालच्या विरळ वायूच्या आवरणातून, पुरवठा होत असला पाहिजे. गुच्छात शिरल्यावर हे सैल आवरण सर्वांत आधी जाते. तबकडीला धक्काही लागत नाही, पण पुरवठा तुटतो आणि दीर्घिका आपल्याच साठ्यावर जगत हळूहळू विझते. या कल्पनेला पुढे ‘उपासमार’ व ‘गळचेपी’ अशी नावे पडली.

त्याच वर्षी अ‍ॅलन ड्रेसलर यांनी ५५ गुच्छांतील सुमारे ६,००० दीर्घिकांचा अभ्यास प्रसिद्ध केला. आसपासची घनता जसजशी वाढते तसतसे सर्पिलांचे प्रमाण घटत जाते व एस-शून्य आणि लंबवर्तुळाकारांचे वाढते; हे नाते विरळ प्रदेशापासून दाट गाभ्यापर्यंत सलग आढळते. वाऱ्याच्या उपपत्तीला हा निबंध प्रतिकूल होता, हे आज बहुधा विसरले जाते. जेथे तप्त वायू नगण्य आहे तेथेही एस-शून्य दीर्घिका आहेत, आणि त्यांचा मध्यवर्ती फुगवटा सर्पिलांच्या फुगवट्यापेक्षा मोठा असतो, असे ड्रेसलर यांनी निदर्शनास आणले. वारा वायू नेऊ शकेल. फुगवटा वाढवू शकणार नाही. गुच्छांतील निराळेपणा त्यांच्या मते मोठ्या प्रमाणात जन्मजात होता. परिणामी १९८० च्या दशकात परिस्थिती विचित्र झाली. रेडिओ दुर्बिणींवरील अभ्यासक वायुहानीचे पुराव्यामागून पुरावे देत होते आणि दृश्य प्रकाशातील दीर्घिकांचे रूप अभ्यासणारे त्यांना फारसे महत्त्व देत नव्हते. दोन्ही पक्ष आपापल्या प्रश्नापुरते बरोबर होते. एकाचा प्रश्न वायूचा होता, दुसऱ्याचा रूपाचा.

अन्य सूचनाही या काळात आल्या. तप्त वायूच्या संपर्काने थंड वायूचे बाष्पीभवन (काउई व सोंगैला, १९७७), घर्षणाने हळूहळू होणारी झीज (नल्सेन, १९८२), आणि पुढे १९९६ मध्ये बेन मूर व सहकाऱ्यांनी मांडलेली, शेजारी दीर्घिकांच्या वारंवार ओढाताणीने तबकडी विस्कटण्याची कल्पना, या त्यांतील प्रमुख होत.

भूतकाळातील गुच्छ

जन्म की परिसर, या वादाचा निकाल लावण्याचा एक मार्ग खगोलशास्त्राला उपलब्ध आहे, जो इतिहासकाराला कधीच मिळत नाही. दूरचा प्रकाश जुना असतो. त्यामुळे दूर पाहणे म्हणजे भूतकाळ प्रत्यक्ष पाहणे. हार्वे बुचर आणि ऑगस्टस ओमलर यांनी १९७८ मध्ये असे दोन गुच्छ तपासले, ज्यांचा प्रकाश चार-पाच अब्ज वर्षांपूर्वी निघाला होता. आजच्या दाट गुच्छांत निळ्या दीर्घिका नाममात्र असताना, त्या गुच्छांत त्यांचे प्रमाण लक्षणीय निघाले. निष्कर्षावर बराच काळ संशय घेतला गेला. परंतु हबल अवकाश दुर्बिणीच्या छायाचित्रांवरून १९९७ मध्ये त्या काळच्या गुच्छांत सर्पिल दीर्घिका भरपूर असून एस-शून्य आजच्या निम्म्या किंवा तिसऱ्या हिश्श्याइतक्याच आहेत, असे दिसून आले. हा निबंध ज्या गटाचा, त्याचे प्रमुख लेखक अ‍ॅलन ड्रेसलर हेच होते. जन्मजात निराळेपणावर भर देणाऱ्या अभ्यासकानेच रूपांतराचा सर्वांत प्रभावी पुरावा पुढे आणावा, ही या इतिहासातील एक सुखद नोंद आहे.

मात्र या जुन्या गुच्छांतील दीर्घिकांत वायू किती होता, हे दृश्य प्रकाशातून कळत नाही. विश्वाच्या प्रसरणामुळे हायड्रोजनची १४२० मेगाहर्ट्झची रेषा दूरच्या दीर्घिकांकडून कमी वारंवारतेवर येते व अत्यंत क्षीण होते. या कामी पुणे जिल्ह्यातील जुन्नर तालुक्यात, नारायणगावजवळील खोडद येथे गोविंद स्वरूप यांच्या नेतृत्वाखाली उभारलेली जायंट मीटरवेव्ह रेडिओ टेलिस्कोप ही दुर्बीण उपयोगी पडली. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्यांची ही रचना. फिलिप लाह, जयराम चेंगलूर आदींनी तिच्या साहाय्याने तिमिंगल तारकासमूहाच्या दिशेने असलेल्या आबेल ३७० या गुच्छाचे निरीक्षण केले. या गुच्छाचा प्रकाश सुमारे चार अब्ज वर्षांपूर्वीचा आहे आणि त्याची हायड्रोजन-रेषा सुमारे १०३७ मेगाहर्ट्झवर येते. एकेका दीर्घिकेचा संकेत गोंगाटात बुडालेला असल्याने त्यांनी ऑस्ट्रेलियातील दुर्बिणीवरून ३२४ दीर्घिकांची अचूक अंतरे मिळविली व सर्वांचे संकेत एकावर एक रचून बेरीज केली. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार सरासरी दीर्घिकेत सूर्याच्या ६.६ अब्ज पट हायड्रोजन होता, तर निळ्या १०५ दीर्घिकांत सरासरी १९ अब्ज पट. गुच्छाच्या परिसरातील एकूण हायड्रोजन कोमा गुच्छाच्या तुलनेत आठपटींपर्यंत भरला. पहिल्या आकड्यातील अनिश्चितता त्याच्या निम्म्याहून अधिक आहे हे खरे. एका गुच्छावरून सर्व गुच्छांविषयी बोलता येत नाही हेही खरे. तरी निळ्या रंगावरून तीस वर्षे केवळ अनुमानलेला कच्चा माल येथे प्रत्यक्ष वजनात आला, आणि तो अर्थातच मोठ्या प्रमाणात तप्त गाभ्याच्या बाहेर होता.

शेपट्या

गन आणि गॉट यांच्या सूत्राला संगणकीय प्रतिकृतींचा आधार मिळावयास सत्तावीस वर्षे लागली. अबादी, मूर व बोअर यांनी १९९९ मध्ये ते बऱ्याच अंशी खरे ठरत असल्याचे दाखविले. क्विलिस, मूर व बोअर यांच्या २००० मधील प्रतिकृतीत दाट गुच्छातून जाणाऱ्या सर्पिलाचा अणुवायू सुमारे दहा कोटी वर्षांतच नाहीसा झाला. दीर्घिकेच्या आयुष्यात एवढा काळ म्हणजे क्षणमात्र.

सोललेला वायू जातो कोठे, हे दिसू लागले ते त्यानंतर. कन्या गुच्छातील सात दीर्घिकांना एकाच बाजूस लांबलेल्या हायड्रोजनच्या शेपट्या असल्याचे २००७ मध्ये प्रसिद्ध झाले. दक्षिण आकाशातील आबेल ३६२७ या गुच्छातील ईएसओ १३७-००१ या दीर्घिकेमागे दोन लाख प्रकाशवर्षांहून लांब क्ष-किरणांची शेपटी २००६ मध्ये ‘चंद्रा’ वेधशाळेने टिपली होती. पुढे अशा शेपट्यांत नवजात ताऱ्यांचे पुंजकेही सापडले. त्यांच्या आकारावरून या दीर्घिकांना ‘जेलीफिश’ हे नाव पडले. बियांका पोजिआन्ती यांच्या नेतृत्वाखालील गटाने चिलीतील मोठ्या दुर्बिणीवर अशा दीर्घिकांची पद्धतशीर पाहणी केली. त्यांपैकी जेओ-२०१ या दीर्घिकेच्या शेपटीतील तरुण तारे भारताच्या ‘अ‍ॅस्ट्रोसॅट’ उपग्रहावरील अतिनील दुर्बिणीने टिपले; तो निबंध २०१८ चा आहे. म्हणजे वाऱ्याने हिसकलेला वायूही लगेच वांझ होत नाही. उलट, पाहणीतील ठळक शेपट्यांच्या सात दीर्घिकांपैकी सहांच्या केंद्रातील कृष्णविवर सक्रिय आढळले (२०१७), यावरून वारा काही वायू आतही ढकलतो असे अनुमान निघाले.

दुसरीकडे उपासमारीची कल्पनाही बळावत गेली. पेंग, मायोलिनो व कॉक्रेन यांनी २०१५ मध्ये विझलेल्या दीर्घिकांच्या ताऱ्यांतील जड मूलद्रव्यांचे प्रमाण मोजले. वायू एकदम हिसकला गेला असता, तर हे प्रमाण तेथेच थांबले असते; पुरवठा तुटून उरलेला वायू हळूहळू वापरला गेला असता, तर ते वाढत गेले असते. ते वाढलेले आढळले, आणि विझण्याचा काळ सुमारे चार अब्ज वर्षांचा निघाला. हा अभ्यास केवळ गुच्छांपुरता नव्हता. त्यामुळे दाट गुच्छांतील वाऱ्याचे खंडन त्यातून होत नाही. परंतु जेलीफिशच्या देखण्या छायाचित्रांमुळे वारा हेच सर्वत्र लागू पडणारे कारण होय, अशी जी समजूत पसरू पाहते, तिला या आकड्यांनी आळा बसतो.

या दृष्टीने कन्या गुच्छातील एनजीसी ४५६९ या एकाच दीर्घिकेची कथा पुरेशी बोलकी आहे. शार्ल मेसिए यांनी १७८१ मध्ये तिची नोंद आपल्या यादीत ९० व्या क्रमांकावर केली. ती पांडुरोगी सर्पिलांत गणली जाते. तिच्यात अपेक्षेच्या सुमारे एक दशांशच हायड्रोजन उरला आहे. अलेस्सांद्रो बोसेल्ली आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये वारा व उपासमार या दोन्ही प्रतिकृती तिच्यावर तपासून पाहिल्या. उपासमारीने सारी तबकडी सारखीच मंदावली असती. प्रत्यक्षात बाह्य भाग विझलेला आणि आतील भाग तेजस्वी आहे. ही कातरलेली कडा केवळ वाऱ्याच्या प्रतिकृतीतूनच निघाली, आणि निरनिराळ्या अंदाजांनुसार तो तडाखा दहा ते तीस कोटी वर्षांपूर्वीचा ठरला. तिच्यामागे दूरवर पसरलेल्या आयनीभूत वायूच्या शेपट्या दिसल्या त्या २०१६ मध्ये. तिच्या केंद्राजवळ आजही तारे जन्मत आहेत, आणि फिके पडलेले बाहू असूनही तक्त्यांत तिची नोंद अद्याप सर्पिल अशीच आहे.